लांडग्याच्या पोटातला माणूस

काही शब्द भाषांतरकाराला प्रथमदर्शनी फारच सोपे वाटतात आणि नेमके तेच त्याची परीक्षा पाहतात. इंग्रजीतील 'वेअरवुल्फ' हा त्यांपैकी एक. अर्थ सर्वांना ठाऊक असतो: लांडग्याचे रूप घेणारा माणूस. पण एका शब्दात तो मराठीत आणायचा म्हटले की बोटे थबकतात. 'नरवृक' म्हणावे तर तो शब्द पोथीतून उठून आल्यासारखा दिसतो. 'वृकमानव' म्हणावे तर तो मानववंशशास्त्राच्या पुस्तकातला वाटतो. 'लांडगामाणूस' थोडा हास्यास्पद वाटतो, आणि 'मनुष्यरूपी लांडगा' म्हटले तर सारेच उलटे होते. मुळात तो लांडगा होता आणि त्याने माणसाचे सोंग घेतले, असा त्याचा अर्थ निघतो. भाषांतराच्या तासाला आम्ही अनेक वर्षे हा शब्द मुद्दाम फळ्यावर लिहीत आलो, याचे कारण हेच. यात माणूस कोण आणि लांडगा कोण, विशेष्य कोणते आणि विशेषण कोणते, हे ठरविल्याखेरीज पुढे पाऊल टाकता येत नाही. आणि ते ठरविणे हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही, असे आमचे उत्तरोत्तर दृढ होत गेलेले मत आहे. प्रस्तुत लेख त्या मताचा पाठपुरावा आहे.

आरंभ शब्दाच्या दोन पदांपासून करू. जुन्या इंग्रजीत 'वेर' म्हणजे पुरुष आणि 'वुल्फ' म्हणजे लांडगा. ही दोन्ही पदे आपल्याला परकी नाहीत. 'वेर' हा लॅटिनमधील 'विर', लिथुआनियनमधील 'व्हीरस', प्राचीन आयरिशमधील 'फेर' आणि संस्कृतातील 'वीर' यांचा सख्खा भाऊ. 'वुल्फ' हा ग्रीक 'लिकोस', लिथुआनियन 'व्हिल्कस', फारसी 'गुर्ग' आणि संस्कृत 'वृक' यांचा. कास्पियन समुद्राच्या आग्नेयेस असलेल्या प्रदेशाला प्राचीन इराणी लोक 'वर्काना', म्हणजे लांडग्यांचा देश, म्हणत. आजच्या गोर्गान या शहराच्या नावात तोच लांडगा दबा धरून बसला आहे. तेव्हा 'वेअरवुल्फ' या शब्दाचे अक्षरशः संस्कृत रूप करायचे तर ते 'वीरवृक' असे होईल. भाषाशास्त्राच्या दृष्टीने इतके चोख भाषांतर दुसरे नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीने इतके निरुपयोगीही दुसरे नाही. कारण आपल्याकडे 'वीर' या शब्दाने केव्हाच पराक्रमाची वस्त्रे परिधान केली. साधा 'पुरुष' हा त्याचा अर्थ मागे पडला.

इंग्रजीत याच्या नेमके उलट घडले. तिकडे 'मॅन' हा शब्द मुळात स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होणारा, 'माणूस' या अर्थाचा. पुढे त्याने पुरुषाची जागा बळकावली आणि 'वेर' भाषेतून हद्दपार झाला. आज तो स्वतंत्रपणे कोठेही आढळत नाही. 'वर्ल्ड' या शब्दात तो ओळखू न येण्याइतका विरघळून गेला आहे, कारण त्या शब्दाचा मूळ अर्थ 'माणसाचे युग' असा. धडधाकट स्थितीत तो उरला आहे तो 'वेअरवुल्फ'मध्ये. एका भाषेतला पुरुष लांडग्याच्या पोटात गेला म्हणून वाचला, असे म्हणायला हरकत नाही.

'वेर' आणखी एका जुन्या शब्दात सापडतो, आणि तो या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तो शब्द म्हणजे 'वेरगिल्ड'. गिल्ड म्हणजे मोबदला. एखाद्याने माणूस मारला तर मृताच्या कुळाला द्यावयाची भरपाई म्हणजे वेरगिल्ड. मराठी कानाला येथे चटकन 'वीरगळ' आठवेल. दोन्ही शब्दांचे पूर्वपद खरोखरच एका कुळातले आहे. उत्तरपदे मात्र भिन्न. एकीकडे पैसा आहे, दुसरीकडे दगड, कारण 'वीरगळ'मधील 'गळ' हा कन्नड 'कल्लु'वरून आला आहे. मेलेल्या माणसाची किंमत मोजण्याच्या या दोन तऱ्हा. आणि भरपाईची कल्पनाही आपल्याला अपरिचित नव्हती. आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाचा वध करणाऱ्याने वैर फेडण्यासाठी हजार गायी द्याव्यात, असे सांगितले आहे. 'वैर' हा शब्द 'वीर'पासूनच झालेला. म्हणजे वैर हे मुळात माणसाचे देणे होते. ते फिटेपर्यंत तो मृत मनुष्य हिशेबात राही. ही हिशेबात राहण्याची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

'वेअरवुल्फ' हा शब्द लेखी स्वरूपात प्रथम भेटतो तो एखाद्या भयकथेत नव्हे, तर कायद्यात. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडवर राज्य करणाऱ्या क्नूट राजाच्या कायद्यांचा मसुदा यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने केला. बिशप आणि धर्मगुरू यांनी मेंढपाळाप्रमाणे कळपाची राखण करावी, नाहीतर पिसाळलेला, अधाशी वेअरवुल्फ पुष्कळांना फाडून खाईल, अशा आशयाचा इशारा त्यात आहे. येथे वेअरवुल्फ म्हणजे सैतान. पौर्णिमा नाही, केस उगवणे नाही, कोणाचेच रूपांतर नाही. आहे ते निखळ रूपक. गंमत अशी की हा मसुदा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या नावातच लांडगा आहे, आणि आपल्या प्रवचनांना तो 'लुपुस' म्हणजे 'लांडगा' हेच टोपणनाव लावीत असे. लांडग्यापासून सावध राहा, हे लांडगाच सांगत होता. त्या समाजाला त्यात विसंगती वाटली नाही, कारण वन्य लांडगा हा त्यांना एकाच वेळी भयाचा आणि आदराचा विषय होता. आडोल्फ, रुडोल्फ या नावांच्या शेवटी तोच बसलेला आहे.

आपल्याकडचा भीम 'वृकोदर' आहे हे येथे सहजच आठवते. पण संस्कृत भाषेने या जोडीत मुख्यतः लांडग्याऐवजी वाघाला पसंत केले: पुरुषव्याघ्र, नरशार्दूल. महाभारतातले योद्धे एकमेकांना या नावाने साद घालतात आणि त्यात गौरवाखेरीज दुसरे काही नसते. वैयाकरणांनी तर 'पुरुषव्याघ्र' हे उपमित कर्मधारयाचे ठरलेले उदाहरण केले. पुरुष हा वाघासारखा. उपमेय आधी, उपमान नंतर, आणि कोणत्या गुणामुळे सारखा हे न बोलता सोडून द्यायचे. पाणिनीच्या दुसऱ्या अध्यायात या समासासाठी स्वतंत्र सूत्रच आहे. संस्कृताच्या तासाला हे उदाहरण घोकणाऱ्या कोणालाही त्या वाघाची भीती वाटल्याचे ऐकिवात नाही. व्याकरणाने वाघाला 'इव' या अव्ययाच्या साखळीने बांधून टाकले.

परंतु ही साखळी नेहमीच होती असे नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतील तिसाव्या अध्यायात पुरुषमेधाची जी लांबलचक यादी येते, तीत कोणत्या देवतेला वा शक्तीला कोणता मनुष्य हे सांगताना 'पुरुषव्याघ्र' याच्या वाट्याला 'दुर्मद', म्हणजे उन्मत्त मनुष्य, दिलेला आहे. येथे पुरुषव्याघ्र हा कोणा वीराचा गौरव नव्हे. ज्याला काही अर्पण करावे लागते असे ते काहीतरी भयकारी सत्त्व आहे. म्हणजे एकच सामासिक शब्द, पण एके ठिकाणी विग्रह 'वाघासारखा पुरुष' असा, आणि दुसरीकडे 'पुरुष आणि तोच वाघ' असा. 'सारखा' हा शब्द गळून पडला की उपमा संपते आणि रूपांतर सुरू होते. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला उपमा, रूपक आणि अतिशयोक्ती यांतील पायऱ्या शिकवाव्या लागतात. त्या सर्व या एका शब्दात दाखविता येतात.

हाच चष्मा लावून इतर भाषांकडे पाहिले तर मोठे मनोरंजक दृश्य दिसते. प्रत्येक भाषेने या प्राण्याची व्याख्या वेगळ्या समासाने केली आहे. रोमन लोक त्याला 'व्हर्सिपेल्लिस' म्हणत: ज्याचे कातडे उलटते तो. शुद्ध बहुव्रीही. यात लांडग्याचे नावसुद्धा नाही. जणू प्रत्येक माणसाच्या कातड्याला आतून केसाळ अस्तर असते आणि याने फक्त अंगरखा उलटा घातला. प्लिनीने अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांची यथेच्छ टर उडविली आहे आणि 'व्हर्सिपेल्लिस' ही शिवी याच समजुतीतून आली, असे तो म्हणतो. रशियन भाषेतील 'ओबोरोतेन' हाही याच धाटणीचा शब्द: उलटलेला, पालटलेला. उत्तरेकडील नॉर्स लोकांत 'उल्फहेद्नार' म्हणजे लांडग्याचे कातडे पांघरणारे योद्धे. दक्षिण स्लाव भाषांत 'द्लाका' म्हणजे अंगावरचा केस. 'वुकोद्लाक' म्हणजे ज्याची लव लांडग्याची आहे तो. पोर्तुगीज भाषेने लांडगा आणि माणूस शेजारी बसवून 'लोबिझोमेम' केला. ग्रीकांनीही तसेच 'लिकॅन्थ्रोपोस' केले, पण त्यातील 'अँथ्रोपोस', म्हणजे माणूस, शेवटी ठेवला. या क्रमाचाही विचार पुढे करू.

सर्वांत मौजेचा शब्द फ्रेंचांचा: 'लू-गारू'. 'लू' म्हणजे लांडगा. 'गारू' हा फ्रँक लोकांच्या भाषेतून आलेला, 'वेअरवुल्फ'चाच झिजलेला अवतार. झिजता झिजता त्यातला लांडगा ओळखू येईनासा झाला, तेव्हा लोकांनी पुढे नवा लांडगा जोडला. म्हणजे शब्दाचा अर्थ झाला 'लांडगा-माणूसलांडगा'. आपल्या 'पिवळा पीतांबर' आणि 'गाईचे गोमूत्र' यांच्या पंक्तीत तो खुशाल बसवावा. पुढे हा शब्द जहाजात बसून अटलांटिक ओलांडून गेला आणि हैतीत 'लुगारू', लुइझियानात 'रूगारू' झाला. लांडगे नसलेल्या बेटांवरही तो सुखाने नांदला. शब्दाला प्राणी लागतोच असे नाही.

'वुकोद्लाक'ची कहाणी याहून विचित्र. सर्बियन भाषेत हा शब्द हळूहळू लांडग्याला सोडून थडग्यातून उठणाऱ्या प्रेताकडे गेला. व्हूक काराजिच या थोर कोशकाराने १८१८ साली प्रसिद्ध केलेल्या सर्बियन कोशात तो याच अर्थाने येतो. ग्रीकांनी हाच स्लाव शब्द उसना घेऊन 'व्रिकोलाकास' केला. त्याचाही अर्थ चालते-फिरते प्रेत. ज्या भाषेजवळ 'लिकॅन्थ्रोपोस' हा स्वतःचा शब्द होता तिने शेजाऱ्याचा लांडगा घेतला आणि त्याचे भूत केले. रुमानियन भाषेत तो 'व्हर्कोलाक' झाला आणि सूर्यचंद्रांना गिळू लागला. म्हणजे त्याला थेट आपल्या राहूचे खाते मिळाले. आणि या शब्दाची नोंद करणाऱ्या कोशकाराचे नाव पाहा: 'व्हूक' म्हणजे लांडगा. आधीची भावंडे जगत नव्हती म्हणून, चेटकिणींनी याला हात लावू नये या आशेने, आईबापांनी त्याला हे नाव दिले. आपल्याकडे नवसाच्या पोराचे नाव धोंडू, दगडू, भिकू ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. लांडग्याच्या नावाआड लपवून ठेवलेले मूल मोठे होऊन आपल्या भाषेचा पहिला मोठा कोश रचते, यापेक्षा नामकरणाचे अधिक मोठे साफल्य कोणते?

येथवर शब्दांचे कौतुक झाले. परंतु हा शब्द एखाद्या माणसाला चिकटविला की त्या माणसाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या हिटाइट लोकांच्या मृत्तिकापट्टांवर कायद्याची कलमे कोरलेली आहेत. कोणी स्त्रीला पळवून नेले, सोडविणारे मागे धावले आणि त्या झटापटीत दोन-तीन माणसे मेली, तर भरपाई द्यावी लागणार नाही. पळविणाऱ्याला सांगायचे की तू लांडगा झालास, असे त्यातील एक कलम आहे. येथे केस नाहीत, कातडे नाही, पौर्णिमा नाही. एक वाक्य उच्चारायचे आणि माणूस हिशेबातून वजा करायचा. वर उल्लेखिलेल्या वेरगिल्डची ही दुसरी बाजू. वीराला किंमत असते, वृकाला नसते. नॉर्स भाषेत 'वर्ग्र' या एकाच शब्दाचे अर्थ लांडगा आणि समाजबहिष्कृत असे दोन्ही आहेत. बाराव्या-तेराव्या शतकांतील इंग्रजी विधिग्रंथांत परागंदा गुन्हेगाराच्या धडावर 'लांडग्याचे डोके' असते, असे म्हटले जाई. अर्थ असा की त्याला कोणीही मारावे, पाप नाही, दंड नाही. इटालियन विचारवंत जॉर्जो आगाम्बेन याने १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'होमो साकेर' या ग्रंथात वेअरवुल्फचा विचार नेमका याच जागेवरून केला. वेअरवुल्फ हा जंगलातला पशू नव्हे. नगरातून बाहेर काढलेला, पण नगराच्या हुकमतीतून न सुटलेला असा तो माणूस आहे.

ग्रीकांनी हीच गोष्ट वरच्या टोकाकडून सांगितली. त्यांचा पहिला लांडगा म्हणजे अर्केडियाचा राजा लिकाओन. त्याने झ्यूसला नरमांस वाढले आणि शापाने तो लांडगा झाला. ओव्हिडने 'मेटामॉर्फोसिस'च्या आरंभीच ही कथा घातली. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या आठव्या भागात अर्केडियातील या दैवताची दंतकथा वापरून म्हटले की, ज्याने एकदा माणसाचे आतडे चाखले तो लांडगा होतोच. तसा लोकांचा कैवारी आपल्याच लोकांचे रक्त चाखला की जुलूमशहा होतो. म्हणजे कायद्याच्या खाली ढकललेला तोही लांडगा, आणि कायद्याच्या वर चढून बसलेला तोही लांडगाच. फरक इतकाच की पहिल्याला कोणीही मारू शकतो आणि दुसरा कोणालाही.

रूसोने आत्मचरित्रात आपल्या पोरवयातील एकलकोंड्या दिवसांविषयी लिहिताना स्वतःला 'लू-गारू' म्हटले आहे. फ्रेंच वाक्प्रचारात त्याचा अर्थ सौम्य: चारचौघांत न मिसळणारा, आपला 'माणूसघाणा'. एका इंग्रजी भाषांतरकाराने तेथे 'आउटलॉ' असा शब्द योजला. देरिदाने आपल्या अखेरच्या वर्षांतील व्याख्यानांत या भाषांतरावर बोट ठेवले, कारण चूक वाटणाऱ्या त्या शब्दात या प्राण्याचा सारा कायदेशीर इतिहास बोलून जातो. भाषांतरकाराच्या लेखणीतून असे पुष्कळदा शब्दाचे पूर्वज बोलतात.

बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने 'बिस्क्लाव्हरे' नावाची कथाकविता रचली. तीत एक सज्जन सरदार आठवड्यातून तीन दिवस लांडगा होऊन रानात राहतो. पुन्हा माणूस व्हायला त्याला फक्त आपले कपडे लागतात. बायको ते रहस्य काढून घेते आणि कपडे लपविते. पुढे राजा शिकारीला जातो, तेव्हा हा लांडगा त्याच्या पायांशी लोळण घेतो आणि राजाला त्यात माणसाची बुद्धी दिसते. तो त्याला मारू देत नाही. शेवटी कपडे परत मिळतात, तेव्हाही लांडगा सर्वांसमक्ष ते अंगावर घालायला लाजतो. त्याला एकांत द्यावा लागतो. आम्हांला या साऱ्या परंपरेतील हा सर्वांत करुण तपशील वाटतो. त्याचे माणूसपण कपड्यांत नव्हते. ते त्या लाजेत अखेरपर्यंत शाबूत होते. राजाने ते पाहिले, एवढेच त्याने केले.

सगळ्यांच्या नशिबी असा राजा नव्हता. १५८९ साली कोलोनजवळच्या बेडबुर्ग येथे पेटर श्टुंप नावाच्या शेतकऱ्याकडून छळाच्या धाकाखाली लांडगा होत असल्याची कबुली घेण्यात आली आणि त्याला चाकावर हाडे मोडून ठार मारण्यात आले. पुढच्याच वर्षी त्याची हकीकत लंडनमध्ये पत्रकरूपाने विकली गेली. याच्या उलट टोकाला १६९२ सालचा लिव्होनियातील थीस. हा ऐंशी ओलांडलेला म्हातारा दुसऱ्याच एका चोरीच्या खटल्यात साक्षीला आला होता. न्यायाधीशांना त्याने शांतपणे सांगितले की आपण वेअरवुल्फ आहोत. पण वेअरवुल्फ हे देवाचे कुत्रे असतात, ते वर्षातून ठरावीक रात्री नरकात उतरून चेटक्यांशी लढतात आणि त्यांनी पळविलेले धान्य गावासाठी परत आणतात. न्यायाधीशांनी, पाद्र्याने परोपरीने समजावले. म्हातारा हलला नाही. अखेर त्याला फटके आणि हद्दपारी अशी शिक्षा झाली. इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग याने या खटल्याचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. आमच्या दृष्टीने त्यात मोलाची गोष्ट ही, की शब्द एकच होता. न्यायासनाने त्याचा एक विग्रह केला आणि आरोपीने दुसरा. शब्दाचा विग्रह करण्याचा अधिकार कोणाचा, यावर तो खटला चालला.

विसाव्या शतकाने या शब्दाशी आणखी दोन खेळ केले. हेर्मान ल्योन्स या जर्मन लेखकाने १९१० साली तीस वर्षांच्या युद्धातील शेतकऱ्यांवर कादंबरी लिहिली आणि शीर्षकात एक जादा अक्षर घालून 'वेर' याचा अर्थ माणसाऐवजी 'संरक्षण' असा करून टाकला. १९४४ साली नाझींनी शत्रूच्या पिछाडीला घातपात करणाऱ्या पथकांना 'वेअरवुल्फ' हेच नाव दिले. याच काळात, १९४१ साली, हॉलिवूडचा 'द वुल्फ मॅन' आला. चांदीने मरणारा आणि पुढच्या चित्रपटांत पौर्णिमेला जागणारा जो लांडगा आज सर्वांना सनातन वाटतो, तो पुष्कळसा या पटकथेने घडविलेला आहे. ती लिहिणारा कुर्ट सिओदमाक हा जर्मनीतून परागंदा झालेला ज्यू होता. त्याच्या कथेत लांडग्याला आपल्या पुढच्या भक्ष्याच्या तळहातावर एक तारा दिसतो. यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

हे सारे युरोपचे, असे म्हणून हात झटकता आले असते तर बरे झाले असते. १९९६ साली उत्तर प्रदेशच्या पूर्व भागात, प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर या जिल्ह्यांत, लांडग्याने लहान मुले उचलून नेण्याचे अनेक प्रकार घडले. यादवेंद्रदेव झाला आणि शर्मा या वन्यजीव-अभ्यासकांनी पाहणी करून ते हल्ले लांडग्याचेच होते, असे मांडले. पण गावोगाव निराळीच वार्ता होती. चार पायांनी येणारे आणि मूल उचलताच दोन पायांवर उभे राहणारे काहीतरी फिरत आहे, अशी. वृत्तपत्रांनी त्याचे नाव दिले: 'मनई'. अर्धा माणूस, अर्धा लांडगा. या अफवेपायी अनोळखी वाटसरूंना, फिरस्त्यांना जमावांनी धरून मारले. काही जिवानिशी गेले. आता 'मनई' म्हणजे काय? अवधी भाषेत मनई म्हणजे माणूस. बस, इतकेच. भयकारी प्राण्यासाठी लोकांनी कोणताही नवा शब्द घडविला नाही. 'माणूस' हाच शब्द पुरला. वुल्फस्टनच्या कायद्यातला 'वेर' असा नऊशे-हजार वर्षांनी अवधच्या उसात भेटतो. तेथे लांडगा लांडग्यासारखाच वागला होता. माणसाचा लांडगा झाला तो जमावात, आणि लांडगा ठरविला गेला तो एकटा चालणारा परका.

हा मजकूर आम्ही वर्गात सांगितला, त्या दिवशी एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. सोलापूरकडचा. म्हणाला, "सर, आमच्या आजोबांचा जन्म सेटलमेंटमधला. तारेच्या आत. हजेरी चुकली की शिक्षा. त्यांनी काय केलं होतं, असं मी विचारायचो. ते म्हणायचे, काही करावं लागत नव्हतं बाबा, जन्माला आलं की झालं." मग थोडे थांबून म्हणाला, "ते डोकं लांडग्याचं असतं म्हणालात ना सर, ते आम्हांला जन्मतःच लावलेलं होतं." आम्ही त्याला उत्तर दिले नाही; उत्तर देण्यासारखे ते विधान नव्हते. १८७१ साली ब्रिटिशांनी केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना सरसकट गुन्हेगार ठरविले, आणि स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला, हे आम्ही पुस्तकातून जाणत होतो. ज्या देशाच्या जुन्या कायद्यात एकेका गुन्हेगाराला लांडग्याचे डोके लावीत, त्याच देशाने आपल्याकडे ते अख्ख्या वस्त्यांना लावले, ही संगती मात्र त्या मुलाने लावली. लक्ष्मण माने यांचा 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचा 'उचल्या' ही आत्मकथने अभ्यासक्रमात शिकविताना त्यांची शीर्षके आम्हांला तेव्हापासून वेगळी ऐकू येतात. दुसऱ्यांनी डोक्यावर ठेवलेले नाव लेखकाने स्वतःच्या हाताने उचलून पुस्तकावर ठेवले; थीसने न्यायासनासमोर केले ते याहून फार वेगळे नव्हते.

आणि आजची भाषा? एखादा अमानुष गुन्हा घडला की दुसऱ्या दिवशी मथळ्यात 'नरपशू', 'नराधम', 'वासनेचे लांडगे' हजर असतात. संताप समजण्यासारखा आहे आणि तो खोटाही नाही. परंतु शब्दांचे काम करणाऱ्याने येथे जरा थांबावे. 'नरपशू' म्हटले की तो आपल्यातला उरत नाही. तो कोणाचा मुलगा, कोणत्या घरात, कोणत्या गल्लीत, कोणते विनोद ऐकत मोठा झाला, हे प्रश्न त्या शब्दासरशी बाद होतात. लांडग्याला कोणी घर विचारीत नाही. लांडग्याच्या बाबतीत तर हा अन्यायच आहे. दख्खनच्या माळावर धनगराच्या कळपामागे फिरणारे ते लाजरे जनावर भूक लागली तर मेंढरू उचलते. त्याने आजवर बलात्कार केलेला नाही, की वस्ती जाळलेली नाही. ही कर्मे करणारा प्राणी एकच आहे आणि त्याच्यासाठी अवधीत, मराठीत, जुन्या इंग्रजीत पुरेसे शब्द आहेत.

म्हणून भाषांतराचा प्रश्न आम्ही आमच्यापुरता सोडविला आहे तो असा. इंग्रजी शब्दात शेवटी लांडगा उरतो. समासात जे शेवटी येते ते विशेष्य, तेच खरे. ग्रीकांनी शेवटी माणूस ठेवला. मराठी भाषांतरकाराने ग्रीकांच्या बाजूने जावे, असे आम्ही सुचवू. 'लांडगामाणूस' हा शब्द थोडा ओबडधोबड आहे, कानाला प्रथम हसू येते, हे सर्व मान्य. पण त्याचा उच्चार माणसावर येऊन थांबतो. बिस्क्लाव्हरेच्या राजाला जे दिसले ते या शब्दात दिसते. आणि ज्याने गुन्हा केला आहे तोही यात माणूसच राहतो, म्हणजे हिशेबात राहतो. त्याला जाब विचारता येतो. लांडग्याला शिक्षा देता येत नाही, त्याला फक्त मारता येते.

कोणी याहून बरा शब्द सुचविला तर आम्ही तो आनंदाने स्वीकारू. विग्रह करताना मात्र माणसाला शेवटपर्यंत आणावे, इतकीच आमची अट राहील.